आमच्या शाळेचं म्हणणं

"ही बैलगाडी कुणाची आहे? काढा ती आधी. काढा म्हणतो ना."

तपासणीला आलेले साहेब जीपच्या खिडकीतून कमरेपर्यंत बाहेर येऊन ओरडत होते, आणि आवाज असा चढला होता की शाळेवरच्या लिंबातले कावळे उठले ते थेट बोरीच्या बाजारात जाऊन बसले. शाळेच्या फाटकात बैलगाडी आडवी लावलेली. बैल नव्हते, ते रानात. गाडीत कडब्याच्या पेंढीवर मांडी घालून आमचे मुख्याध्यापक सर बसलेले, आणि चेहरा असा की पंगतीत बसून वाढप्याची वाट बघायलेत.

"गाडी माझी न्हाई, साहेब. मागून आणलीय," सर म्हणाले. "तुमी शेरा लिहिलाय, आमचं म्हणणं राहिलंय. तेवढं ऐका, की लगेच बैल बोलावतो."

"मी तुम्हाला सस्पेंड करीन."

"करा की. पण आधी कारण सांगा, मग माझं म्हणणं घ्या, मग करा. उलटं करू नका."

साहेबांनी आणखी बराच वेळ आवाज काढला. बैल काही आले नाहीत. शेवटी जीप तिथंच सोडून साहेब बाजूच्या बाभळीच्या काट्यांच्या कुंपणावरून गेले. साहेब गेले, पँटचा काही भाग मागं राहिला. त्याला बघून पाखरं भ्यायला लागली म्हणून शेजारच्या शेतकऱ्यानं तो सुगीपर्यंत तसाच राहू दिला. मी वाढवून सांगतो असं गावात म्हणतात. माझं म्हणणं कुणी विचारलेलं नाही.

आमची शाळा जिल्हा परिषदेची, चौथीपर्यंतची, दोन खोल्यांची. एका खोलीत पहिली-दुसरी घेऊन मी, दुसऱ्या खोलीत तिसरी-चौथी घेऊन सर. अंगानं सर म्हणजे मिटून कोपऱ्यात उभी केलेली छत्री. खिशाला शिसपेन्सिल, निळा पेन आणि लाल पेन. लाल पेनाचं टोपण सबंध नोकरीत उघडलं नव्हतं. त्यातली शाई आता दगड झाली असेल, त्यावर वरवंटा घासता येईल.

सरांचा एकच नियम होता. ज्याच्याबद्दल लिहायचं त्याला आधी विचारायचं. प्रगतिपुस्तकावरचा शेरा ते शिसपेन्सिलीनं लिहायचे, पोराला बोलवायचे, वाचून दाखवायचे आणि म्हणायचे, "यावर तुझं म्हणणं काय?" पोराला पटलं तर निळा पेन फिरायचा. नाही पटलं तर पोराचं म्हणणंही शेऱ्यात यायचं. एका पोराच्या प्रगतिपुस्तकावर मी स्वतः वाचलंय, 'गणितात कच्चा आहे, परंतु हे त्यास मान्य नाही.' दुसऱ्याच्या, 'मारामारी करतो. त्याचे म्हणणे असे की, समोरचाही करतो. चौकशीअंती हे खरे निघाले.' आईबाप ते पुस्तक घेऊन गावभर फिरायचे. असा मान त्या घराला पिढ्यांत मिळाला नव्हता.

मधल्या सुट्टीनंतर लिंबाखाली भांडणं ऐकली जायची. गाव त्याला बयानाचा तास म्हणायचं. एकदा एका शेळीनं भिंतीवरचा पाढ्यांचा तक्ता खाल्ला, सतरापासून पुढचा सगळा. सरांनी शेळीला बोलावून घेतलं. शेळीच्या बाजूनं तिसरीतली सुजाता उभी राहिली. म्हणाली, "सर, शेळीला पाला अन् कागद सारकाच. तक्ता तिच्या तोंडापाशी कुणी लावला ते विचारा." तक्ता मी लावला होता. शेळी निर्दोष सुटली, आणि मला माझं म्हणणं मांडायला दुसऱ्या दिवशीची मुदत मिळाली.

घरीही तेच. भाजी खारट झाली तर सर ताट सरकवायचे नाहीत. बाईंना विचारायचे, "या भाजीबद्दल तुमचं काही म्हणणं?" बाई चुलीवरची भाकरी उलटत म्हणायच्या, "म्हणणं न्हाई. गिळा." सर गिळायचे. सुनावणी झालेली असायची.

एसटी उशिरा आली की कंडक्टरला म्हणायचे, "उशिराचं कारण सांगा, म्हणजे मला रागवायचं का न्हाई ते ठरवता येईल." कंडक्टर कारण सांगायचा, कारण खरंच असायचं, आणि सरांचं रागवायचं राहून जायचं. मी त्यांना कधी ओरडताना पाहिलं नाही. समोरच्याचं सगळं ऐकून होईपर्यंत राग थांबत नसे, निघून जाई.

हे सगळं सांगायचं कारण, त्या साहेबांशी आमचं बिनसलं ते यावरूनच. साहेब त्या दिवशी जीपमधून उतरलेच नव्हते. लिंबाच्या सावलीत जीप उभी केली, मांडीवर टॅब घेतला आणि खिडकीतून मला विचारलं, "पट किती, हजर किती?" दिवस ऊसतोडीचे. निम्मी पोरं आईबापाबरोबर कारखान्यांकडं गेलेली. मी हजर आकडा सांगितला, कारण सांगायला तोंड उघडलं, तोवर काच वर गेली होती. मग काच खाली आली आणि साहेबांनी हातपंपावर पाणी भरणाऱ्या सुजाताला हाक मारली. तिचे आईबाप तोडीला गेलेले, ती शाळा बुडू नये म्हणून मावशीकडं राहिलेली.

"ए पोरी, तेराचा पाढा म्हण."

सुजातानं घागर खाली ठेवली. "कामून? माझ्यावर काय आरोप हाय?"

आता ही पोर तेराचा पाढा उलटा, सुलटा आणि झोपेत म्हणणारी. पण बयानाच्या तासात वाढलेली. आधी आरोप, मग उत्तर, एवढं तिला पाढ्याच्याही आधी येत होतं. साहेबांनी टॅबवर बोट मारलं, 'विद्यार्थी उत्तरे देत नाहीत.' सर खोलीतून बाहेर येईपर्यंत अहवाल भरून झाला होता. सरांनी विचारलं, काय लिहिलं. साहेब म्हणाले, वरून कळेल. तेव्हा सर शेजारच्या खळ्यावर गेले आणि बैलगाडी ढकलत घेऊन आले.

वरून कळलं. शाळेला ड श्रेणी. त्या साली वरून असा हुकूम आला होता की ड आली ती शाळा बंद, आणि पोरं जवळच्या मोठ्या शाळेत. जवळची म्हणजे ओढ्यापलीकडं. ओढा उन्हाळ्यात रस्ता असतो आणि पावसाळ्यात समुद्र. पोरांना त्यांचे बाप खांद्यावर घेऊन पार करतील, पोरींना घरी बसवतील, हे सांगायला कुणा अधिकाऱ्याची गरज नव्हती. सुजाताच्या मावशीनं तर फोनवर तिच्या आईला सांगूनही टाकलं, "पुढच्या साली घेऊन जा हिला तोडीवर. हितं काय राहिलं आता."

सरपंच म्हणाले, "सर, साहेबाला एक कोंबडं खाऊ घातलं असतं तर हे झालं नसतं."

"कोंबड्याचं म्हणणं घेतलं होतं का?" सर म्हणाले. त्यांनी अहवालाची प्रत तीन-तीनदा वाचली, आणि आम्ही हायकोर्टाच्या खंडपीठात जायला निघालो.

मी सोबत कशाला गेलो? सर म्हणाले, "तुमी साक्षीदार आहात." रेल्वेच्या डब्यात परभणीपासूनच दोन माणसं खिडकीच्या जागेवरून भांडत होती. सरांनी दोघांना थांबवलं आणि एकेकाचं ऐकायला घेतलं. एकाचं म्हणणं सेलू येईपर्यंत चाललं, दुसऱ्याचं परतूर गेलं तरी संपेना. निकाल द्यायची वेळ आली तेव्हा जालना आलं आणि दोघंही उतरून गेले. जागा रिकामी. सर बसले नाहीत. म्हणाले, "वादातली वस्तू न्याय देणाऱ्यानं घेऊ नये." मी साक्षीदार होतो. मी बसलो.

वकील त्यांनी लावला नाही. त्यांचं म्हणणं, वकिलाला फक्त आपली बाजू ठाऊक असते. न्यायमूर्तींनी त्यांना स्वतः बोलायची परवानगी दिली, आणि मला वाटतं त्याचा न्यायमूर्तींना पाच मिनिटं पश्चात्ताप झाला आणि मग मजा वाटायला लागली. सरांनी आधी साहेबांची बाजू मांडली. साहेबांना शाळा पुष्कळ, दिवस लहान, रस्ते खराब, बैलगाडी आडवी लावणं बेकायदा, हे सगळं त्यांनी इतकं पोटतिडकीनं सांगितलं की सरकारी वकील उठून म्हणाले, "माझं म्हणणं यांनीच संपवलंय."

"मग तुमचं म्हणणं काय आहे?" न्यायमूर्तींनी विचारलं.

"आमाला विचारलं न्हाई, हे," सर म्हणाले. "बाकी शेरा खराबच येणार होता कदाचित. पण विचारून यायला पाहिजे होता."

न्यायमूर्तींनी अहवाल चाळला. "यात लिहिलंय, वरच्या मजल्यावरील वर्ग अंधारे आहेत."

सरकारी वकिलांनी मान हलवली.

"वरचा मजला न्हाई आमाला," सर म्हणाले.

साहेबांनी दुसऱ्या कुठल्या तरी शाळेचा मजला आमच्या डोक्यावर ठेवला होता. खटला तिथंच जिंकला होता. कुणीही शहाणा माणूस तिथं खाली बसला असता. सर उभेच.

"पण मजला असता तर अंधाराच असता, साहेब. मीटर बंद हाय."

न्यायमूर्तींनी चष्मा काढून पुसला. माझ्या मते ते हसत होते, पण कोर्टाची बेअदबी नको म्हणून मी तसं लिहीत नाही. मग त्यांनी विचारलं, "आणि निम्मे विद्यार्थी गैरहजर, हे तरी खरं आहे ना?"

"न्हाई. गैरहजर म्हणजे न सांगता गेलेला. आमची पोरं सांगून गेलीत. काही तर रडून गेलीत. त्यांना गैरहजर म्हणू नका."

यावर मात्र कुणीच हसलं नाही.

निकाल असा लागला की ड रद्द. त्याच अधिकाऱ्यानं पुन्हा यावं, आधी कळवून यावं, वर्गावर्गात जाऊन पाहावं, आणि शेरा लिहिण्याआधी मुख्याध्यापकांचं म्हणणं घ्यावं. आम्ही गावात परतलो तेव्हा सरपंचांनी हलगी लावली होती. हलगीवाल्यानं आम्हाला फाट्यापासून वाजवत आणलं आणि सर वाटेत त्याला विचारत होते, "दमला का? तुझं काय म्हणणं?"

साहेब पुन्हा आले. खरी गोष्ट इथं सुरू होते.

पुन्हा ऊसतोडीचेच दिवस. जीप फाटकाबाहेर उभी राहिली, कारण फाटकाच्या आत येण्याची चूक साहेब आयुष्यात परत करणार नव्हते. आम्ही सगळे पुढं गेलो. सरपंच हार घेऊन, सुजाताची मावशी चहाची किटली घेऊन, पोरं रांगेत. साहेबांनी खिडकीची काच खाली केली, हात जोडले आणि टॅब सरांच्या पुढं केला. सगळं भरून आणलेलं.

"अ श्रेणी," साहेब म्हणाले. "तुमचं म्हणणं असेल ते सांगा, जसंच्या तसं टाकतो. इथं सही करा म्हणजे मी मोकळा."

अ. आमच्या अख्ख्या तालुक्यात अ बघितलेला माणूस नव्हता. सरपंचांनी हार सरांच्या गळ्यात घालायला हात उचलला. मावशीनं किटली खाली ठेवली आणि पदर डोळ्याला लावला. सरांनी टॅब हातात घेतला आणि वाचायला सुरुवात केली, आणि मी त्यांच्या मागं सरकलो, कारण मी सरांना ओळखत होतो.

"'ग्रंथालय समृद्ध.' कुठं बघितलं तुमी?"

"असेलच की."

"पेटी हाय. कुलूप हाय. किल्ली हरवलीय." सरांनी बोट पुढं सरकवलं. "'गणितातील प्रगती उत्कृष्ट.' तिसरीला भागाकार येत न्हाई."

मी सरांच्या सदऱ्याला मागून असा हिसका दिला की एक गुंडी उडून ओढ्यापलीकडं गेली. सर ढळले नाहीत.

"साहेब, मागं तुमी न बघता ड दिला. आता न बघता अ द्यायलात. मी कोर्टात काय अ मागायला गेलतो का?"

सरपंच सरांच्या कानाला लागले. "सर, पाया पडतो. शाळा वाचायलीय. तोंड बंद ठेवायचं काय घ्याल?"

"सरपंच, तुमचं म्हणणं ऐकलं," सर म्हणाले. "साहेब, उतरा खाली."

"आणि बघून ड आला तर?" साहेबांनी विचारलं. ते खरंच घाबरले होते. ड लिहिला तर हा माणूस कोर्टात जाणार, अ लिहिला तरी जाणार. नोकरीत त्यांना अशी कोंडी कुणी शिकवली नव्हती.

"बघून आला तर सही करीन," सर म्हणाले.

मी मावशीकडं बघितलं नाही.

साहेब उतरले. पहिल्या खोलीत माझी पोरं वाचून दाखवत होती, बरं चाललं होतं. दुसऱ्या खोलीत साहेब पोरांच्या बाकावर बसले, गुडघे हनुवटीला लागले. तिसरीतल्या एका पोराला उभं केलं. "बारा भाकरी आहेत. घरात चौघं. प्रत्येकाला किती?"

पोरानं छताकडं बघितलं, खूप वेळ. "बापाला पाच."

"सगळ्यांना सारख्या वाट."

"सारक्या कशा वाटायच्या? बाप रानात राबून येतो. आईला तीन, तिला बसून खायला टाइम नसतो. मला दोन, बारकीला दोन." मग बोटं मोजून साहेबांना समजावलं, "झाल्या की बारा."

साहेबांनी टॅबवर काहीच टाइप केलं नाही. तेवढ्यात सुजाता उभी राहिली. मला वाटलं आता पाढा म्हणेल, बाजू सावरेल.

"साहेब," ती म्हणाली, "मागच्या टायमाला तुमी आत आला न्हाईत. कामून? तुमचं म्हणणं काय?"

वर्ग एकदम चिडीचूप. आमच्या शाळेत हा प्रश्न आला की समोरच्याचं संपेपर्यंत कुणी हलत नाही, माशीसुद्धा. साहेब आधी हसले. मग पोरं हसत नाहीत हे बघून थांबले. मग, बाकावर गुडघे आवळून, बोलायला लागले. दिवसाला शाळा किती दिल्या जातात ते. जीप संध्याकाळपर्यंत परत द्यायची असते ते. अहवाल वेळेत गेला नाही तर वरचा साहेब फोनवर काय काय बोलतो ते, ते पोरांसमोर सांगण्यासारखं नव्हतं, पण सांगितलं. पाठीचं दुखणं आहे. आधीच्या शाळेचा अहवाल उघडा राहिला आणि त्याचा मजला आमच्यात आला. बोलता बोलता त्यांच्या लक्षात आलं की अजून कुणी मधे बोललेलं नाही, आणि ते आणखी बोलले. मला वाटतं ते स्वतःच्या लग्नाच्या बोलण्यांपर्यंत गेले होते तेव्हा सुजातानं त्यांना तांब्या नेऊन दिला.

"बरं," ती म्हणाली. "खरं वाटायलंय."

पाणी पिऊन साहेब आणि सर लिंबाखाली समोरासमोर बसले. मी जवळ उभा. सगळं गाव कुंपणाला टेकलेलं.

"गणित कच्चं," साहेब म्हणाले. "मान्य?"

"मान्य."

"ग्रंथालय नाही."

"मान्य."

"वीज नाही."

"मान्य."

प्रत्येक 'मान्य'ला कुंपणाच्या पलीकडून एक सुस्कारा यायचा आणि मी जमिनीत वीतभर खाली जायचो. गुडघ्यापर्यंत गेलो होतो.

"वाचन चांगलं. पोरं बोलकी," साहेब म्हणाले. "जास्तच."

"मान्य."

"निम्मे गैरहजर."

"अमान्य."

साहेबांनी वर बघितलं. सरांचा आवाज पहिल्यांदा थोडा चढला होता. "तोडीवर गेलेत. फडात जावा, बगा, तितं हाजर हायेत. मी रोज त्यांची नावं घेतो, अन् हितली पोरं सांगतेत कोण कुठल्या कारखान्यावर हाय. तुमी गैरहजर लिहिलं तर मी परत कोर्टात जाईन. बाकी कशासाठी न्हाई."

साहेब टॅबवर बोट धरून बसले. त्या एका रकान्यावर ड आणि क अडले होते, हे त्यांना दिसत होतं, मला दिसत होतं, आणि मावशीनं किटली छातीशी धरली होती त्याअर्थी तिलाही कळलं असावं.

"'स्थलांतरित' असा रकाना नाही यात," साहेब म्हणाले.

"शेऱ्यात लिहा."

साहेबांनी गैरहजरचा रकाना मोकळा सोडला आणि शेऱ्यात लिहिलं, 'निम्मे विद्यार्थी ऊसतोडीसाठी स्थलांतरित.' मोठ्यानं वाचून दाखवलं, सरांना विचारलं, "यावर तुमचं काही म्हणणं?" सर नाही म्हणाले आणि सही केली.

क आला. ड नव्हे, म्हणजे शाळा राहिली. मावशीनं तिथल्या तिथं फोन लावला आणि सुजाताच्या आईला एवढंच म्हणाली, "राहू दे तिला." साहेब चहा पिऊन गेले, जीप फाटकाच्या आत आणून वळवून गेले. सरपंच मात्र कुणाशी बोलेनात. अ साठी आणलेला हार क ला कसा घालायचा, या विचारात त्यांनी तो शेवटी शेळीला टाकला.

सगळे पांगल्यावर सर खोल्यांना कुलपं लावत होते. मला राहवेना. मी म्हणालो, "सर, आयता अ दारात आला होता. जिल्ह्यात नाव झालं असतं. तुम्ही क घेऊन बसलात."

सरांनी कुलूप ओढून बघितलं.

"आपली शाळा क च हाय," ते म्हणाले.